प्रति: जेट नसती तर कोरियात काय झालं असतं?
कोरियन युद्धात (१९५०-५३) उत्तर कोरियाच्या बाजूची मिग-१५ ही सोव्हिएत लढाऊ जेट नसती तर अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बरना दिवसाढवळ्या रान मोकळं मिळालं असतं, हा तुमचा मुद्दा मान्य. ऑक्टोबर १९५१ मध्ये उत्तर कोरियातल्या नामसी विमानतळावरच्या हल्ल्यात मिगचा दणका बसला, तेव्हापासून बी-२९ रात्रीचीच उडू लागली.

पण पंख्याची (प्रॉपेलरची) विमानं तोवर निकालात निघाली होती, हे तुमचं म्हणणं पटत नाही. उत्तर कोरियाची लाकूड-कापडाची, पंख्याची पो-२ विमानं रात्री इतक्या संथपणे यायची की त्यांच्यामागे जाताना जेटचीच पंचाईत व्हायची. (एफ-९४ जातीचं एक अमेरिकी जेट तर पो-२ चा पाठलाग करण्याच्या नादात गमवावं लागलं.) शेवटी अमेरिकी नौदलाचं पंख्याचं लढाऊ विमान कॉर्सेअर आणावं लागलं. नौदलाचा वैमानिक गाय बोर्डेलॉन याने त्यातून १९५३ च्या जून-जुलैत रात्रीची ५ विमानं पाडली. त्या युद्धात पाचाचा आकडा गाठणारा नौदलाचा तो एकमेव वैमानिक, आणि तोही जेटशिवाय!