मदत हवी आहे : आसरा पुलावर पुढची सायकल ओलांडायची कशी?

सोलापुरात आसरा पूल ओलांडून आसरा चौक, तिथून होटगी रोडने सात रस्त्याकडे, रोज सकाळी साडेनऊची वेळ. गिअरची सायकल, वेग ताशी २२ च्या आसपास. पुढे शाळेची मुलं आणि हँडलला डबा अडकवून कामाला निघालेले लोक, ताशी १५ नं. घंटी वाजवली की मागे वळून बघतात आणि नेमके उजवीकडंच येतात. न वाजवता गेलं तर दचकतात. डावीकडं बऱ्याचदा जागा असते, तिकडून काढली तर चालेल का? मागून रिक्षा चालूच असतात.

'जुनी चेन' (टोपणनाव) :
डावीकडून नको. मागून हॉर्न वाजला की पुढचा माणूस डावीकडंच पळतो, आणि तिथं तुम्ही असता. शिवाय कडेची वाळू, गटाराची जाळी. त्यानं उजवीकडं वळायला हात दाखवलाय आणि तो मधे सरकलाय, तेवढाच अपवाद.

तो उजवीकडं का येतो? मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागं हँडल. म्हणून घंटी १०-१२ मीटरवरून, दोनदा, आणि मग दोन सेकंद थांबा. बघू द्या, हलू द्या, सरळ होऊ द्या. लोक त्याच्या मडगार्डला टेकून घंटी बडवतात आणि वर त्यालाच शिव्या घालतात.

आता अंतराचा हिशोब. दोन सायकलींची लांबी साडेतीन मीटर, आधी-नंतर दोन-दोन मीटर मोकळे, म्हणजे त्याच्यापेक्षा साडेसात मीटर जास्त कापायचे. तो १५ नं, तुम्ही २२ नं : चार सेकंद, साधारण २४ मीटर रस्ता. तोच १८ नं जात असेल तर जवळजवळ सात सेकंद आणि ४० मीटर. इतका वेळ रिक्षांसमोर उजवीकडं लटकायचं कशाला? मागं राहा.

दोन हँडलांमध्ये किमान एक मीटर सोडा. डबा लटकत असेल तर आणखी थोडं, पिशवी झोका घेते.

'तीनचाकी नको' (टोपणनाव) :
घंटीचं पटलं, पण तोंडानं 'उजवीकडनं' ओरडू नका. पुढच्याला 'उजवीकडं' एवढंच ऐकू येतं आणि तो तिकडंच जातो. 'काका, सरळ चला' म्हणा. पूर्व भागात 'अण्णा' म्हणा, काम लवकर होतं.

पुलाच्या चढावर ओलांडूच नका. चढावर माणूस सीटवरून उठून पायडल मारतो. उठताना त्याची सायकल क्षणभर मागं येते, वीतभर तरी. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाशेजारी घुसलेलं असेल तर घासतं, आणि पडतो तो मागचा, कारण वळायचं चाक त्याचं अडकतं. चाकाला चाक भिडवून कधीच चालवू नका. चढाआधीच गिअर हलका करून मागं राहायचं आणि उतार संपून वेग स्थिरावला की काढायची.

प्रश्नकर्ता :
मागं बघताना माझीच सायकल उजवीकडं जाते, त्याचं काय?

जुनी चेन :
उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवा, मग हनुवटी खांद्याला लावून बघा. हँडल ओढलं जात नाही. रिकाम्या रस्त्यावर पांढऱ्या पट्टीवरून सराव करा, बघूनही चाक पट्टीवरच राहिलं पाहिजे. हात सोडण्याआधी डाव्या हाताला कोणता ब्रेक आहे ते बघून ठेवा. पुढचा असेल तर घाबरून दाबू नका.

तीनचाकी नको :
हंगामात उसाचा ट्रॅक्टर शेजारी असेल तर ओलांडणं रद्द. बाहेर आलेली कांडी तोंडाच्या उंचीवर असतात, आणि दोन ट्रॉल्यांपैकी मागची वळणावर आतल्या बाजूला कापत येते. दुसरी ट्रॉली पुढं जाऊ द्या, मग घंटी.