तुर्की विभक्ती मराठीच्या आधाराने शिकाव्यात का?

प्रत्ययवेडा: मराठी माणसाने तुर्की विभक्तींसाठी इंग्रजीचा वळसा घेऊच नये. आपले प्रत्यय तुर्कीसारखेच नामाच्या मागे लागतात. एव म्हणजे घर. एवे घराकडे, एवदे घरात, एवदेन घरातून, एविन घराचा. 'घर'चं 'घरा' करणारं सामान्यरूपही तिथे नाही. आधी अनेकवचन, मग मालकी, शेवटी विभक्ती: एव-लेर-इम-देन, माझ्या घरांमधून. हा क्रम सहसा मोडत नाही.

शेवंती: साफ असहमत. आपला 'ला'च घात करतो. मराठीत कर्म आणि संप्रदान (ज्याला द्यायचं तो) दोन्हींना तोच. तुर्कीत कर्माचा 'इ' वेगळा, संप्रदानाचा 'ए' वेगळा. त्यात आपण सजीव-निर्जीव बघतो (मुलाला पाहिलं, पण झाड पाहिलं), तुर्की बघते कर्म ठरावीक आहे का. एकमेक येदिम: पाव खाल्ला, कुठलाही. एकमेई येदिम: तोच पाव, ज्याबद्दल बोलणं चाललंय. मराठीतून विचार करणारा पावाला प्रत्यय लावतच नाही. इंग्रजीतला 'द' निदान इशारा तरी देतो!

शिवाय आपण मांजराला घाबरतो, तुर्कीत मांजरापासून: केदिदेन. आपण गाडीत चढतो, तिथे त्रेने बिन्दिम, 'त्रेनदे' चुकीचं. आणि 'मला आवडतं'मधला 'मला' विसरायचा. सेवियोरुम, कर्ता 'मी'च.

प्रत्ययवेडा: 'ला'चा मुद्दा मान्य, अगदी मान्य. पण क्रियापदाकडे या. गेल्दी म्हणजे आला, बोलणारा खात्रीने सांगतोय. गेलमिश म्हणजे 'आला म्हणे', किंवा दारातल्या चपला बघून 'आलाय वाटतं'. मराठी माणसाला हा फरक दोन मिनिटांत कळतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला त्यासाठी पानभर स्पष्टीकरण लागतं.

उत्तररात्र: तुम्ही दोघंही देवनागरीत लिहिताय, खरी गडबड तिथे आहे. तुर्कीत टिंबाचा आणि बिनटिंबाचा 'इ' हे दोन वेगळे स्वर. आपण दोन्ही एकाच अक्षरात कोंबतो आणि स्वरसंगती, म्हणजे शब्दातल्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलणं, हरवते. मग एवदेनच्या चालीवर खोलीचं, म्हणजे ओदाचं, 'ओदादेन' होतं. हवं ओदादान, कारण शेवटचा स्वर 'आ' आहे. 1928 ची तुर्की रोमन लिपी पहिल्याच दिवशी घ्या.

विभक्ती सुट्या पाठ करू नका, क्रियापदासकट करा: '-देन कोर्कमाक' (घाबरणे), '-ए बिनमेक' (गाडीत चढणे). आणि कान तयार ठेवा. गेलमेदिम म्हणजे आलो नाही, गेलेमेदिम म्हणजे येऊ शकलो नाही. मधला एक 'ए' निसटला, तर नाइलाजाने न येणारा माणूस मुद्दाम न आलेला ठरतो.

शेवंती: '-देन कोर्कमाक' असं पाठ केलं, तर मराठीचा आधार लागतोच कुठे?