मदत हवी आहे: गवळाऊ बैल पोरांना जवळून कुठे दाखवता येतील?

नमस्कार मंडळी. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवून आल्यावर लेकीनं विचारलं, "बाबा, खरा बैल चाटतो का?" माझ्या आजोबांकडे वर्ध्याला गवळाऊची पांढरी जोडी होती, चालायला भलती चपळ. आणि हिनं बैल पाहिला तो प्रदर्शनात, दोरीपल्याडून!

नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल असा कोणी शेतकरी किंवा गोशाळा आहे का, जिथे पोरांना हातानं चारा घालू देतात? सोबत तलवारीसारख्या लांब, मागे वळलेल्या शिंगांची नागपुरी म्हैस दिसली तर सोन्याहून पिवळं. जर्सी, होल्स्टीन नकोत, ती कुठंही दिसतात. मालकाला आधी विचारूनच येऊ. बेरारी शेळ्याही चालतील.