रायकरवर बर्नआउट का होत नाही?

टिळकवाडीकर: मामेभाऊ दुबईत कॅन-अ‍ॅम रायकर चालवतो, सध्या बेळगावात आलाय. पुढं दोन चाकं, मागं एक. म्हणतो, बर्नआउट करायला, म्हणजे गाडी जागेवर धरून मागचं चाक फिरवत टायरचा धूर काढायला, ब्रेक धरून थ्रॉटल दिला की गाडी गप्प होते, धूर निघतच नाही. बुलेटवर जमतं, मग ह्याच्यावर का नाही? सांगा की कुणीतरी.

उद्यमबाग गॅरेज: भावा, बुलेटला पुढचा ब्रेक वेगळा हातात असतो. रायकरला हँडलवर ब्रेकच नाही, पायातला एकच पेडल तिन्ही चाकं धरतो. बर्नआउटला पुढची धरलेली आणि मागचं मोकळं पाहिजे. शिवाय मागचं चाक घसरतंय हे सेन्सरला कळलं की इंजिनची ताकद कापली जाते. ही यंत्रणा बंद पाडायला सांगणारे भेटतील, अजिबात ऐकू नका. वळणावर आतलं चाक उचलायला लागलं की तीच सांभाळते. ब्रेक धरून ताणत राहिलं तर आत सीव्हीटीचा (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचा) पट्टा घसरून तापतो. जळक्या रबराचा वास आला तर तो टायरचाच असेल असं समजू नका.

निपाणीकर: आणि मागं दोन चाकंवाली ट्राइक?

उद्यमबाग गॅरेज: डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत इंजिनची ताकद वाटणारा भाग, साधा असेल तर पकड कमी असलेलं चाकच फिरतं. रस्त्यावर एकाच बाजूला काळा पट्टा उठतो.