पोतोसी: चांदीपलीकडे काय?

प्रश्न: बोलिव्हियातल्या पोतोसीबद्दल जे वाचावं त्यात चांदी आणि चांदीच. तिथल्या कलेबद्दल, माणसांबद्दल कुणी सांगेल का?

उत्तर: चांदी टाळता येत नाही हो. सुमारे ४००० मीटर उंचीवर शहर वसलं तेच १५४५ साली सेर्रो रिको डोंगरात ती सापडली म्हणून. पण मला कायम खेचतं ते जुन्या टांकसाळीच्या संग्रहालयातलं १८ व्या शतकातलं एक चित्र. त्यात येशूची आई मेरी हिचा झगा म्हणजेच तो डोंगर! चेहरा आणि हात तेवढे बाहेर. अँडीजमधले लोक डोंगरांना आणि पाचामामा या धरतीमातेला पुजत आले. इथे दोन्ही श्रद्धा एका देहात आल्यात. सान लोरेन्सो चर्चचं कोरीव दगडी प्रवेशद्वारही बघाच. त्यावर जलपऱ्या वाद्यं वाजवतायत.

दुसरं उत्तर: ‘मिता’ ही सक्तीच्या मजुरीची पद्धत विसरू नका. स्पेनच्या राजाचा इथला प्रतिनिधी, व्हाइसरॉय तोलेदो, याने १५७० च्या दशकात गावोगावचे आदिवासी आळीपाळीने सक्तीने खाणीत जुंपले. ती कला या घामावर उभी आहे.

प्रश्नकर्ता: खाणी अजून चालू आहेत?

पहिले उत्तरकर्ते: हो, कामगारांच्या सहकारी संस्था चालवतात. आत ‘तिओ’ म्हणजे खाणीच्या देवतेचा शिंगं असलेला पुतळा बसवलेला असतो. त्याला कोकाची पानं, दारू, सिगारेट वाहतात.