सूत्राचे छायाचित्र नको, सूत्रच हवे

गिरणाकाठ, चाळीसगाव:
माझी दृष्टिहीन भाची अकरावीत आहे. संगणकावरचे धडे ती एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, आवाजात ऐकते. मजकूर सुरळीत वाचला जातो, परंतु सूत्राच्या जागी केवळ ‘ग्राफिक’ एवढेच ऐकू येते, कारण तिथे सूत्राचे छायाचित्र चिकटवलेले असते. सूत्र मजकुरासारखे लिहिण्याची मॅथएमएल ही पद्धत १९९८ पासून मान्य असताना हे चालू राहावे, हा अन्याय आहे.

पांझराकाठ, धुळे:
मी गणित शिकवतो आणि रात्री मुलांना फळ्याचा फोटो पाठवतो. प्रत्येक सूत्रासाठी मॅथएमएलच्या खुणांची लांबलचक माळ हाताने लिहिणे मला शक्य नाही. त्यापेक्षा शिक्षकाने सूत्र वाचून ध्वनिमुद्रण द्यावे. आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसराशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ पद्यात आहे. तो पाठ करूनच शिकला जाई.

गिरणाकाठ:
सर, आपल्या कष्टांविषयी आदर आहे. मात्र ‘एक भागिले एक्स अधिक एक’ हे ऐकून शेवटचा एक छेदात आहे की बाहेर, हे कसे कळावे? एक्सची किंमत एक धरली, तर पहिल्या अर्थाने उत्तर अर्धा येते, दुसऱ्या अर्थाने दोन. शिवाय त्या खुणा हाताने लिहाव्या लागत नाहीत. लॅटेक या सूत्रलेखनाच्या संगणकीय पद्धतीत सूत्र थोडक्यात टंकले की मॅथजॅक्स ही प्रणाली ते मॅथएमएलमध्ये बदलते. मग एनव्हीडीएमध्ये मॅथकॅट या सूत्र वाचणाऱ्या प्रणालीच्या मदतीने भाची बाणाच्या कळांनी अंश, छेद, घातांक असे एकेक ठिकाण पुन्हा तपासू शकते. ध्वनिमुद्रणात तिला मागे-पुढेच करत बसावे लागते.

बोरीकाठ, अमळनेर:
मी स्वतः दृष्टिहीन आहे, टेलर फ्रेमवर, म्हणजे खाचांत खुंट्या बसवून आकडे मांडायच्या पाटीवर, अंकगणित शिकलो. आपण दोघेही गणित कानापुरते ठेवत आहात. लांब समीकरण सोडवताना आधीची ओळ बोटांखाली लागते. अब्राहम नेमेथ यांनी, जे स्वतः अंध होते, गणितासाठी ब्रेल संकेत तयार केले ते त्यासाठीच. मॅथएमएलमधून ते ब्रेल आपोआप तयार करता येते, म्हणून मी गिरणाकाठ यांच्या बाजूने आहे. परंतु संगणकावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेची किंमत आमच्यासारख्या घरांना झेपत नाही. तो शाळेत नसेल, तर निम्मे काम राहिलेच. भूमितीच्या आकृत्यांना तर उठावाच्या रेषाच हव्यात.

पांझराकाठ:
छेदाचा मुद्दा मला मान्य आहे. यापुढे वाचताना ‘छेद सुरू, छेद संपला’ असे म्हणेन. तरीही हा भार एकट्या शिक्षकावर टाकू नये. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा शिक्षणसंस्थांवरही जबाबदारी टाकतो. संस्थेने टंकलेखनासाठी माणूस दिला, तर फळ्यावरची सूत्रे मी त्याच दिवशी त्याच्याकडे सोपवीन.