कस्टडीची केस चालू असताना शाळेच्या ॲडमिशनला दोघांच्या सह्या हव्यातच का?

सायली_की
सख्ख्या बहिणीच्या मुलीचा प्रश्न आहे पण असे कितीतरी जण अडकलेले असणार म्हणून इथे मांडतेय. भाची यंदा पहिलीत जायची. बहीण वर्षभर माहेरी आहे, मुलगी पहिल्यापासून तिच्याचजवळ, फॅमिली कोर्टात घटस्फोट आणि कस्टडी दोन्ही चालू. घराजवळच्या शाळेत नंबर लागला, कागद सगळे नेले, जन्मदाखला, आधार, फोटो. ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला आणि वडिलांच्या सहीच्या रकान्यावर पेन टेकवून म्हणाल्या की ही सही आणा नाहीतर कोर्टाची ऑर्डर आणा. वडिलांनी तर वकिलामार्फत नोटीसच पाठवलीय की माझ्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेत नाव घालायचं नाही. स्वतः ते दुसऱ्या शहरात राहतात, तिकडची एकही शाळा सुचवलेली नाही. फी भरायची मुदत संपत आलीय, ती गेली की सीट वेटिंगवाल्याला.

माझं मत सरळ आहे. मूल ज्याच्याजवळ राहतंय त्याच्या एकट्याच्या सहीवर ॲडमिशन व्हायला हवी. कस्टडी कोणाला ते कोर्ट ठरवेल, पण तोवर पोरीने घरी बसायचं का? आणि वडीलच पहिले पालक हा मुद्दाही आता टिकत नाही. १९५६ च्या कायद्यात वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलंय खरं, पण गीता हरिहरन केसमध्ये १९९९ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असा अर्थ नाही, वडील प्रत्यक्षात मुलाची जबाबदारी बघत नसतील तरी आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. मग शाळा अजून त्या रकान्यावर का अडून बसतात?

दूरचा_बाबा
ताई, तुमच्या बहिणीबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांची अडचण खरी आहे. पण 'ज्याच्याजवळ मूल त्याची सही' हा नियम केलात तर काय होतं ते मी भोगतोय म्हणून सांगतो. माझा मुलगा तिसरीत होता, सुट्टीत आजोळी म्हणून गेला तो परत आला नाही. मी शाळेत चौकशीला गेलो तर कळलं शाळा सोडल्याचा दाखला आधीच काढून नेलाय, मला एक फोनसुद्धा नाही. तिकडे नव्या शाळेत नाव पडलं, आणि माझा अंतरिम अर्ज (निकालाआधी तात्पुरता आदेश मागणारा) सुनावणीला येईपर्यंत समोरून म्हणणं तयार होतं की मूल आता इथे रुळलंय, त्याला डिस्टर्ब करू नका. कोर्टालाही ते पटलं, आणि पटणारच, मुलाला वर्षात दोनदा शाळा बदलायला कोण लावेल?

वरून १८९० च्या गार्डियन्स ॲन्ड वॉर्ड्स ॲक्टप्रमाणे अर्ज कुठल्या कोर्टात चालणार तर मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या. मग पुरावा म्हणून काय जोडतात, तर शाळेचं बोनाफाईड. म्हणजे शाळेत नाव घालणं ही साधी गोष्ट राहत नाही, त्यावर पुढची अख्खी केस फिरते. दुसऱ्या पालकाची सही मागणं ही एकच कडी उरलीय आमच्याकडे, ती तरी काढू नका. आणि भाची पाच वर्षांच्या वरची आहे, म्हणजे पाचपर्यंतचं मूल सहसा आईकडे हा मुद्दाही तिच्या बाबतीत संपला. वडिलांना विचारायलाच हवं.

निळी_शाई
शाळेच्या ऑफिसात काम करते, आमची बाजू पण ऐका. आम्हाला कोणाचं वाकडं करायचं नसतं हो. एकदा जनरल रजिस्टरला नाव चढलं की त्यात खाडाखोड करता येत नाही, आणि असल्या केसमध्ये महिन्याभरात दुसरे पालक दारात उभे, सोबत वकील नाहीतर थेट पोलीस. "कोणाला विचारून घेतलंत?" एकदा तर शाळा सुटायच्या वेळेला गेटवर दोन्हीकडची माणसं आली आणि पोराचा एक हात एकाच्या हातात दुसरा दुसऱ्याच्या. वॉचमनने काय करायचं? म्हणून ऑर्डर मागतो. आम्ही जज नाही, कोण खरं ते आम्हाला ठरवायला लावू नका एवढंच म्हणणं.

सायली_की
@निळी_शाई गेटवर मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं त्याला ऑर्डर मागा, ते मला शंभर टक्के मान्य. पण वर्गात बसवायला ऑर्डर कशाला? आम्ही जज नाही म्हणता आणि एका सहीसाठी सीट घालवता, तो निकालच झाला की, आणि तो मुलीच्या विरुद्ध गेला.

@दूरचा_बाबा तुमच्या मुलाची चालू शाळा सोडवली हे चूकच. पण इथे कुठलीच शाळा सुटत नाहीये, ही पहिलीची पहिली ॲडमिशन आहे. दोन्ही एका मापाने मोजू नका.

गणेश_आर
सहा ते चौदाच्या मुलाला कुठलीच शाळा नाही म्हणू शकत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९. दाखला नसला तरी घ्यावंच लागतं. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार ठोका, सुतासारखे सरळ येतात.

वकीलबाई_फॅमिली_साईड
@गणेश_आर अर्धवट सल्ल्याने माणसं गोत्यात येतात. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, आणि मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा नाहीतर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई, हे कलम ५ मध्ये आहे हे बरोबर. पण ते कलम सरकारी आणि अनुदानित शाळांपुरतं आहे, खासगी विनाअनुदानित शाळेकडे त्या जोरावर बदली मागता येत नाही. शिवाय अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हा कायदा लागूच नाही. इथे तर दाखल्याचा प्रश्नच नाहीये, प्रश्न सहीचा आहे.

आता मूळ विषय. माझं दोघांशीही पटत नाही. सायलीताई म्हणतात एकाची सही पुरे, बाबा म्हणतात दोघांची हवीच, आणि दोघंही हे शाळेच्या खिडकीवर सोडवायला बघताय. अहो केस चालू आहे ना, मग त्याच कोर्टात *फक्त शाळेसाठी* वेगळा अंतरिम अर्ज टाका. लोक करतात काय, शाळेची मागणी कस्टडीच्या भल्यामोठ्या अर्जात सतराव्या परिच्छेदात घालतात, मग कस्टडीच्या अर्जावर समोरच्याचा 'से' म्हणजे लेखी म्हणणं यायला तारखांवर तारखा आणि शाळा त्यात लटकते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये मुलांच्या ताब्यासोबत शिक्षणाबद्दलही अंतरिम आदेश देता येतो, आणि २००१ च्या दुरुस्तीने तिथे घातलंय की पोटगी आणि शिक्षणाचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढायचा. कस्टडीला ही मुदत दिलेली नाही, शिक्षणाला दिलीय. म्हणून अर्ज सुटा हवा. मागणी एवढीच ठेवायची की अमुक शाळेत अमुक इयत्तेत प्रवेश घ्यायला परवानगी द्यावी आणि या प्रवेशामुळे कस्टडीच्या निर्णयाला बाधा येणार नाही. हे शेवटचं वाक्य घातलंत की बाबांची जी भीती आहे, शाळा दाखवून ताबा पक्का करायचा, ती बरीचशी निघते.

आणि वेळ बघा वेळ. शाळा जूनमध्ये सुरू, आणि मे महिन्यात कोर्टाला सुट्टी. एप्रिलच्या शेवटी धावत येणारे क्लायंट दर वर्षी बघते, मग सुट्टीतल्या कोर्टापुढे आधी तातडी पटवत बसावं लागतं. प्रवेशाचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात अर्ज टाका, फॉर्मची पावती आणि फीची मुदत लिहिलेला कागद जोडा. तोंडी "मुदत संपतेय हो" म्हणून काही होत नाही, कागद लागतो.

दूरचा_बाबा
वकीलबाई, वाक्य घालून बाधा जात नाही. कागदावर बाधा नसते, पण दोन वर्षांनी निकालाच्या वेळी मुलाचे मित्र तिथे, बाई तिथल्या, भाषा तिथली. कोर्ट मुलाचं हित बघतं आणि तेव्हा हित तिथेच दिसतं. कुठलं वाक्य पुसणार हे?

वकीलबाई_फॅमिली_साईड
खरं आहे, पूर्ण नाही पुसत. पण मूल शाळेशिवाय ठेवून ते पुसलं जाईल का? वर्ष घरी बसलेल्या मुलाचं हित कोणत्या बाजूला दिसणार? नुसतं 'संमती नाही' लिहिणाऱ्या पालकाबद्दल कोर्टाचं चांगलं मत होत नाही हे माझ्या सगळ्या अशिलांना, आई असो बाप असो, मी आधी सांगते. विरोध करायचा तर दुसऱ्या शाळेचं नाव, फी, अंतर, कोण सोडणार कोण आणणार सगळं घेऊन या.

मृण्मयी_२२
एक वेगळी बाजू. माझ्या मैत्रिणीच्या केसमध्ये मारहाण होती. दोघांची सही म्हणजे शाळेचं नाव आणि पत्ता त्याच माणसाच्या हातात द्यायचा. तिने कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडून कलम २१ चा तात्पुरता ताबा घेतला आणि ती ऑर्डर शाळेला दाखवली, प्रवेश झाला. सगळ्यांना एकच नियम लावू नका प्लीज. दोघांची सही हवीच म्हणणाऱ्यांनी या बायकांचा विचार केलाय का?

दूरचा_बाबा
हिंसा असेल तिथे मी एक शब्द बोलणार नाही, तिथे सहीच काय भेटही कोर्टाच्या देखरेखीत व्हावी. पण जिथे तसं काही नाही तिथल्या बापालाही त्याच रांगेत उभं करतात त्याचा त्रास होतो.

अनघा_पी
मुलाला कोणी विचारणार आहे का? पहिलीतल्या पोरीला काय विचारणार ते ठीक, पण माझा भाचा आठवीत, त्याची दहावी दोन वर्षांवर, आणि दोघं भांडतायत बोर्ड बदलायचं की नाही यावर. समज आलेल्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं हे त्याच १८९० च्या कायद्यात आहे. जजनी त्याला चेंबरमध्ये बोलावलं, दोघांना बाहेर बसवलं. तो म्हणाला शाळा हीच ठेवा, राहायचं कुठे ते तुम्ही ठरवा. शाळा तीच राहिली.

सायली_की
वकीलबाई, तुमचं बहिणीला वाचून दाखवलं. सुटा अर्ज टाकायचं ठरलंय, शाळेकडून फीच्या मुदतीचा कागद उद्या आणतोय. माझं मत मात्र तेच आहे, नवीन प्रवेशाला शाळेने दुसरी सही मागूच नये, प्रत्येक आईला वकील परवडत नाही आणि साठ दिवस म्हटलं तरी शाळेची मुदत पंधरा दिवसांची असते.

दूरचा_बाबा, तुम्हाला मनापासून विचारते. भाऊजी कदाचित तुमच्यासारखाच विचार करत असतील. समजा आमच्याकडून जॉइंट पुरसिसचा, म्हणजे दोघांच्या सहीने कोर्टात द्यायच्या निवेदनाचा, ड्राफ्ट आला तर त्यात काय असेल तर तुम्ही सही कराल?

दूरचा_बाबा
तीन गोष्टी. एक, फॉर्मवर वडिलांचं नाव आणि माझा मोबाईल नंबर असेल, शाळेच्या ॲपचं लॉगिन आणि प्रगतीपुस्तक मलाही मिळेल, पालकसभेला बसू देतील. दोन, माझ्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय दाखला निघणार नाही असं शाळेला दोघांच्या सहीचं पत्र जाईल. तीन, अर्धी फी मी भरणार आणि पावती माझ्या नावाने.

निळी_शाई
दुसऱ्या मुद्द्याचं पत्र आलं तर आम्ही फाईलला लावतो, दाखला मागायला एकटं कोणी आलं की आधी ते पत्र निघतं. असं दोघांचं मिळून काही आलं तर आमचं काम किती सोपं होईल सांगू.

सायली_की
पहिलं आणि तिसरं बहीण आनंदाने देईल. दुसऱ्यावर ती अडली. उद्या नोकरी दुसऱ्या गावी लागली आणि त्यांनी संमती दिली नाही तर तिने तिथेच अडकून पडायचं का? 'संमती ३० दिवसांत कळवावी, नाहीतर कोर्टात अर्ज करायला मोकळीक' असं घालता येईल का वकीलबाई?

वकीलबाई_फॅमिली_साईड
मुदत जरूर घाला. पण 'उत्तर आलं नाही तर संमती समजली जाईल' असं कोणी सुचवलं तर ते घालू नका, त्यावरूनच पुढचं भांडण होतं. आणि ड्राफ्ट पाठवताना शाळेचं एकच नाव नको, दोन-तीन नावं द्या, म्हणजे त्यांनाही निवडायला काहीतरी राहील.

दूरचा_बाबा
३० दिवस मला चालतील. नावं खरंच दोन-तीन द्या पण.